एक अंगठा खाली

खोली भाड्यानं देण्याआधी घरमालक चार गोष्टी विचारतात. लग्न झालंय का, मटण चालतं का, पाहुणे फार येतात का, पाणी जपून वापराल ना. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या आमच्या सरांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला, "नाचता येतं?"

मी घाटावरून आलेला, रोह्याच्या एका कंपनीत नुकताच केमिस्ट म्हणून चिकटलेला, काखेत गादीची वळकटी. मी म्हटलं, "नाही."

"उत्तम," सर म्हणाले. "ज्यांना येतं ते मागे उभे राहायला तयार नसतात. खोली तुझी."

सर निवृत्त चित्रकला शिक्षक. घराच्या मागच्या अंगाला त्यांनी सहा खोल्या बांधल्या होत्या आणि सहाही खोल्यांत कंपन्यांतली सडी पोरं भरली होती. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्यानं म्हातारपणाची सोय केली. खरी गोष्ट वेगळी होती. सरांना गाण्यात नायकाच्या मागे नाचायला सहा माणसं हवी होती आणि ती कायम हाताशी असावीत म्हणून त्यांनी खोल्या बांधल्या होत्या. भाडं आठवडाभर पुढेमागे झालं तर सर हूं की चूं करत नसत. पण शूटिंगची तारीख चुकवली तर सामान अंगणात.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, शेतीला लागतात, राजकारणावर बोलायला लागतात. सर गाण्याला लागले. आपल्याकडे ज्याला अल्बमचं गाणं म्हणतात, मोबाईलवर बघायचं, हळदीत नाचायचं, ते. गीत सरांचं, चाल सरांची, वाजवायला रोह्यातली बॅन्जो पार्टी आणि गायला काकू. काकू म्हणजे सरांची बायको. पासष्टीची बाई, पण आवाज असा की शेजारच्या घरातली माणसं हातातलं काम थांबवायची. प्रत्येक गाण्याच्या वेळी त्या म्हणायच्या, "मी नाय गानार हां ह्या बारीला." आणि प्रत्येक वेळी गायच्या.

सरांचा अभ्यास मात्र दांडगा होता. रोज दुपारी जेवण झालं की ते पडवीत बसून मोबाईलवर जगभरची गाणी बघायचे. पंजाबी, इंग्रजी, कोरियन, काय वाट्टेल ते. आणि बघायचे आवाज पूर्ण बंद करून. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं मोबाईल बिघडलाय.

"बिघडलेला नाय," सर म्हणाले. "आवाज चालू असला की माणूस फसतो. आवाज बंद केला की समजतं, जगात गाणं एकच हाय. कपडे तेवढे बदलतात."

आवाज बंद करून मी एक बघितलं, दोन बघितली, आणि पटलंच की हो. नायक गाडीला टेकून उभा. गॉगल. नायिका पाठमोरी चाललेली आणि वळून बघते. एकदाच वळते, पण आपल्याला तीन बाजूंनी तीनदा दाखवतात. कुठूनसा वारा सुटतो आणि तो फक्त तिच्याच केसांना लागतो, मागच्या झाडाचं पानही हलत नाही. मग भर रस्त्यात सहा माणसं उगवतात आणि नायकाला हवं तेच नाचायला लागतात. ही कोण, कुठली, ह्यांना पोटापाण्याचा उद्योग नाही का, हे कुणीच विचारत नाही. सरांनी हे सगळं एका मोठ्या ड्रॉइंग पेपरवर चित्रांसकट काढून भिंतीला लावलं होतं. शाळेत पानाफुलांचे तक्ते लावायचे तसं.

तक्त्यातला प्रत्येक नियम पाळायचाच, ह्यावर सरांचा कटाक्ष. साधनं मात्र घरची. वाऱ्यासाठी त्यांनी भात वारवायचा पंखा आणला होता, भावकीतल्या कुणाचा तरी. नायिका म्हणजे काकूंची भाची, अष्टमीत पार्लर चालवायची, स्वतःचे केस स्वतःच दोन तास खपून मोकळे सोडून आली होती. सरांनी "वारा!" म्हणून आरोळी दिली, बॉयलरवर काम करणाऱ्या आमच्या एका भिडूनं बटण दाबलं आणि पंख्यात अडकलेला गेल्या हंगामाचा सगळा कोंडा त्या बिचारीच्या डोक्यात. ती शिंकत शिंकत तीनदा वळली. सरांनी ते तसंच ठेवलं. म्हणाले, डोळ्यांत पाणी आलंय, विरह वाटतो.

धुराचंही तेच. गाण्यात धुकं पाहिजे म्हणून सरांनी ओला पेंढा पेटवला. आजूबाजूच्या घरांना वाटलं कुणीतरी मडक्यात शेंगा भाजायला पोपटी लावलीय, आणि वालाच्या शेंगा, अंडी, कांदे घेऊन माणसं हजर. प्रेमिकांच्या पहिल्या भेटीत मागे अकरा माणसं खोकताना दिसतात ती हीच.

टेकायला गाडी लागायची. सरांकडे सायकल. "गाडी आपलीच पाहिजे असं कुठं लिहिलंय?" सर म्हणायचे. "टेकायचंच तर हाय." मग पुलाजवळ लावलेल्या कुणाच्याही गाडीला नायक टेकायचा. नायक म्हणजे रोह्यातल्या मोबाईलच्या दुकानातला गोरा पोरगा. एकदा तो टेकलेला असतानाच गाडीचा मालक आला आणि ओरडायला लागला. सरांनी त्याला शांतपणे गॉगल दिला आणि नायकाचा मित्र म्हणून उभं केलं. तो गृहस्थ पुढच्या तीन गाण्यांना स्वतःहून गाडी घेऊन आला.

आम्हा मागच्यांची अडचण म्हणजे शिफ्ट. पहिल्या कडव्यात नायकाच्या मागे आम्ही सहाजण, दुसऱ्या कडव्याला चौघे, शेवटाला मी आणि बॉयलरवाला. मोबाईलवर गाण्याखाली कुणीतरी लिहिलं, "बाकीचे कुठे गेले?" सरांनी उत्तर दिलं, "सेकंड शिफ्टला."

पण खरी तारांबळ उडाली ती संथ गतीच्या गाण्याच्या वेळी. पडद्यावर पदर, केस, पाऊल सगळं तरंगतं आणि ओठ मात्र गाण्याबरोबर हलतात, ते कसं करतात माहितीय? गाणं दुप्पट वेगानं लावायचं, त्याच वेगानं नाचायचं, त्याच वेगानं ओठ हलवायचे, आणि नंतर चित्र निम्म्या वेगानं चालवायचं. सरांना हे कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत, इतका आनंद झाला. कुंडलिका नदीच्या पुलावर आम्ही उभे, कर्ण्यातून काकूंचा आवाज मांजरीच्या पिल्लासारखा दुडूदुडू धावतोय, नायक-नायिका भराभर ओठ हलवतायत आणि मागे आम्ही अंगात मुंग्या शिरल्यासारखे नाचतोय. पुलावरून जाणारी एक म्हातारी थांबली आणि बरोबरच्या बाईला म्हणाली, "काय गो, कंपनीत काय सांडला वाटतं. पोरांना चढलाय." चार दिवस तालीम केल्यानं आमचे हातपाय त्याच गतीला लागले. प्रयोगशाळेत सुपरवायझर मला म्हणाले, बाबा रे, जरा हळू, ॲसिड आहे ते.

आणि कपडे. कडव्याकडव्याला कपडे बदलायचे. मी एकदा विचारलं, "सर, तीन मिनिटांत माणूस चार वेळा कपडे बदलतो का?"

"तुझं लग्न ठरलंय?"

"नाही."

"ठरलं की बोल."

आता बापाबद्दल सांगतो. सरांच्या प्रत्येक गाण्यात नायिकेचा बाप असायचा. हा नियम जगाच्या गाण्यांतला नव्हे, सरांचा स्वतःचा. पहिल्या कडव्यात बाप हाताची घडी घालून उभा, कपाळाला आठ्या. दुसऱ्या कडव्यात पाठ फिरवतो. तिसऱ्या कडव्यात कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ जातो आणि तो हसतो, लेकीच्या डोक्यावर हात ठेवतो, मग सगळे मिळून नाचतात. बापाचं काम सर स्वतः करायचे. रागावण्याचं काम एका फटक्यात व्हायचं, आम्ही कॅमेऱ्यामागे उभे असलो तरी घाबरायचो. हसण्याचं मात्र काही केल्या जमत नसे. पंधरा-पंधरा वेळा घ्यायचो. ओठ फाकायचे, दात दिसायचे आणि दाढ काढायला बसल्यासारखा चेहरा व्हायचा. शेवटी सूर्य मावळायला लागला की सर वैतागून म्हणायचे, "चालेल, ठेव."

गाणं रविवारी सकाळी अकराच्या ठोक्याला मोबाईलवर चढवलं जायचं. मग सर पडवीत पाटावर बसायचे, मोबाईल मांडीवर. आम्हाला वाटायचं किती जणांनी बघितलं ते मोजतायत. अंगठे वर यायचे, दहा, वीस, चाळीस. सर ढिम्म. काकू दोनदा जेवायला बोलवायच्या. सर मान हलवायचे. आणि मग साडेबारा-एकच्या सुमाराला एक अंगठा खाली यायचा. आवडलं नाही, म्हणून. एकच. बघणाऱ्या लोकांना तो आकडा दिसत नाही, गाणं टाकणाऱ्याला दिसतो. तो दिसला की सर मोबाईल खिशात टाकत आणि आत आवाज देत, "वाढ गो!"

हे तीन गाण्यांना झालं तेव्हा माझं डोकं फिरलं. आम्ही उन्हात नाचून मरतोय आणि कुणीतरी नालायक दर वेळी न चुकता खाली अंगठा करतोय. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून काकूंना म्हटलं, "हा हरामखोर कोण आहे ते मी शोधून काढणार."

काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी थापणं थांबवलं. "शिव्या नको देऊस रे," त्या हळूच म्हणाल्या. "माझी पोर हाय ती."

मग त्यांनी सांगितलं ते असं. वैशाली ही त्यांची एकुलती एक मुलगी. अकरा वर्षांपूर्वी तिनं न विचारता मंगेशशी कोर्टात लग्न केलं. मंगेश पेणजवळच्या हमरापूरचा, गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवणारा, आणि त्याहून वाईट म्हणजे सरांचाच विद्यार्थी. मामाकडे राहून रोह्याला शिकायचा. चेहरा काढायच्या आधीच कोऱ्या कागदावर दोन डोळे काढून ठेवायचा, म्हणून सरांनी त्याला फूटपट्टीनं झोडपलेलं. तो जावई म्हणून पुढ्यात आला. सर लेकीला म्हणाले, "ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नकोस." ती म्हणाली, "तुम्ही बोलावल्याशिवाय ठेवणार नाय." दोघांनीही शब्द पाळला. पाळणारच, एकाच मातीची.

"गानी कशाला करतात, तुला काय वाटलं?" काकू म्हणाल्या. "तिनं बघावीत म्हनून. पहिलं गानं बघून तिचा फोन आला मला. म्हनाली, आई, तुझा आवाज ऐकून रडले, पन बाबांचं ते खोटं खोटं हसनं बघून इतका राग आला की खाली दाबला मी. मी ह्यांना सांगितलं. हे काय बोलले नायत. पन दुसऱ्या गान्यापासनं वाट बघत बसायला लागले."

"मग एक फोन का करत नाहीत?"

"तू कर त्यांना समज द्यायचं काम. मी अकरा वरसं करतेय."

त्यानंतर मला सरांचं सगळंच वेगळं दिसायला लागलं. काकू वर्षातनं दोनदा पेणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायच्या. काकूंचे डोळे ठणठणीत होते, सुईत दोरा त्या आम्हाला ओवून द्यायच्या. निघायच्या आदल्या दिवशी सर स्वतः बसून वाल निवडायचे, किडका एक दाणा राहू द्यायचे नाहीत, पाच किलोची पिशवी सुतळीनं बांधायचे आणि म्हणायचे, "डॉक्टरांना दे." एका खेपेला पिशवीबरोबर लहान मुलीचा फ्रॉक होता. तोही डॉक्टरांना. आम्ही कुणीही हसलो नाही. म्हणजे खोलीत जाऊन हसलो, आणि मग बॉयलरवाला म्हणाला, "आपन रडायला पायजे खरं तर," तेव्हा गप्प झालो.

शिमगा होऊन गेला आणि सरांनी त्यांचं सगळ्यात मोठं गाणं केलं. वालाच्या शेतात, पुलावर, पाण्याच्या टाकीवर चढून, झाडून सगळे नियम पाळून. बापाचं हसू एकवीस वेळा घेतलं. एकविसाव्या वेळी सर म्हणाले, "आता बरं आलंय." आलं नव्हतं. आम्ही माना डोलावल्या.

रविवारी अकराला गाणं चढलं. एक वाजला. अंगठा नाही. दोन वाजले. सर पाटावरून हलले नाहीत. तीन वाजता काकू बाहेर आल्या, "चला, दोन घास खावा, तुमच्या साखरेच्या गोळ्या राहिल्यात." सर म्हणाले, "भूक नाय." काकूंनी परसदारी जाऊन वैशालीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. चार वाजता सरांचे हात थरथरायला लागले. रिकाम्या पोटी त्यांची साखर उतरायची, एकदा असेच शाळेत कोसळले होते. काकूंनी गुळाचा खडा पुढे केला, त्यांनी तोंड फिरवलं.

"संपलं," सर म्हणाले. मोबाईलकडे बघतच म्हणाले. "कंटाळली ती. आता बघत पन नाय."

मला ते बघवेना. मी उठलो, खोलीत गेलो, दाराला कडी घातली, माझ्या मोबाईलवर सरांचं गाणं उघडलं आणि खालचा अंगठा दाबला. ज्या गाण्यात मी स्वतः चार वेळा पॅन्ट बदलून नाचलोय त्या गाण्याला. दाबताना बोट अक्षरशः अडखळलं.

बाहेरून आवाज आला, "वाढ गो!"

सर तीन भाकऱ्या जेवले. काकूंनी वाढता वाढता माझ्याकडे बघितलं. बाई हुशार. माझ्या पानात तुपाची धार जास्त पडली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण हमरापूरला आदल्या रात्रीपासून लाईट नव्हती आणि सगळ्यांचे मोबाईल मान टाकून पडले होते, हे आम्हाला काय ठाऊक? संध्याकाळी साडेसहाला लाईट आली, मोबाईल चार्ज झाले आणि सात वाजता दुसरा अंगठा खाली आला.

"दोन!" सर ताडकन उठले. "दोन कसे?"

सर पडवीत येरझाऱ्या घालायला लागले. "एक तिचा. दुसरा कुणाचा? बाहेरचा माणूस आवडलं नाय तर पुढं जातो, दाबत बसत नाय. दाबतो तो घरातला." ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी एकवीस वेळा कॅमेऱ्यातून शोधलं होतं आणि मिळालं नव्हतं. "मंगेश! म्हणजे जावई पन बघतो. दोघं मिळून बघतात!" आणि लगेच कपाळाला आठ्या. "आणि त्याची ही हिंमत? मला नापास करतो? माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा? चूक काय झाली ते त्यानं माझ्या तोंडावर सांगावं. उद्या तुला सुट्टी हाय ना? तुझी मोटरसायकल काढ."

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी सरांच्या पाठीमागून ओठांवर बोट ठेवलं आणि वालाची पिशवी आणायला आत पळाल्या.

सकाळी सर तयार होऊन आले ते शेवटच्या कडव्यातल्या पोशाखात. अबोली सदरा, पांढरी पॅन्ट, पांढरेशुभ्र बूट. जावयासमोर कसं, दिग्दर्शक म्हणून जायचं. मांडीवर वालाची पिशवी. नागोठण्याला हायवेला लागेपर्यंत ते मागे बसून माझ्या कानात भांडणाची तालीम करत होते. "मी म्हणेन, चूक दाखव. तो म्हणेल, रंग. मी म्हणेन, रंगातलं तुला काय कळतं." वडखळ गेलं तसा आवाज बारीक झाला. पेणला रामवाडीशी आल्यावर त्यांनी खांद्यावर थाप मारली, "थांब. चहा घेऊ."

चहा घेतला. दुसरा घेतला. मग सर म्हणाले, "असं करू. परत जाऊ. गाणं एकदा नीट बघून घेतो, चूक मलाच सापडंल. पुढच्या आठवड्यात येऊ."

खरं सांगितलं असतं तर हा माणूस तिथूनच एसटी पकडून घरी गेला असता आणि पुन्हा अकरा वर्षं वाल निवडत बसला असता. आणि नाही सांगावं तर पुढे हमरापुरात माझं पितळ उघडं पडणार, मग बापलेकीचं उरलंसुरलंही जाणार, माझ्या एका अंगठ्यापायी. मी आयुष्यात इतकं खोटं कधी वागलो नव्हतो. मी म्हटलं, "सर, उशीर केला तर तो म्हणेल, सर घाबरले."

सर गाडीवर बसले.

हमरापुरात ज्या घरात बघाल तिथे गणपती. पांढरेफटक, बिनरंगाचे, रांगेनं सुकायला ठेवलेले. मंगेशचा कारखाना म्हणजे घराच्या पुढची शेड. बाहेर एक आठ-नऊ वर्षांची मुलगी दोन वेण्या हलवत उभी होती. तिनं सरांना बघितलं, डोळे विस्फारले आणि आत बघून किंचाळली, "आई गो! गान्यातला बाप आलाय!"

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पोरगी सरांभोवती फिरून बघायला लागली. तिनं हाताची घडी घातली, कपाळाला आठ्या पाडल्या, हुबेहूब सरांसारख्या. "हे तुम्हीच ना? मला सगली गानी येतात. आई लय वेला बघते, मग रागावते, मग खालचा अंगठा मला दाबायला देते."

तेवढ्यात मंगेश आला. हातात बारीक कुंचला, गालावर रंग. सरांना बघून त्यानं कुंचला पाठीमागे लपवला, शाळेत लपवायचा तसाच असणार.

"मंगेश," सर म्हणाले. "दुसरा अंगठा तू दाबलास?"

"कुठला अंगठा सर? मी नाय—"

सरांच्या मागे उभं राहून मी दोन्ही हात जोडले. डोळ्यांनी, मानेनं, जमेल त्या सगळ्यानं विनवलं. मंगेशनं माझ्याकडे बघितलं. मूर्तीचे डोळे रंगवून पोट भरणारा माणूस, माझे डोळे वाचायला त्याला कितीसा वेळ लागणार.

"व्हय सर," तो म्हणाला. "मीच दाबला."

"का? चूक काय हाय? तोंडावर सांग."

मला वाटलं झालं, आता हा काय सांगणार. पण मंगेशनं कुंचला पुढे आणला आणि बोटांत फिरवत राहिला. "सांगू का सर? आमच्यात डोळ्यांची आखनी शेवटाला. सोंड झाली, दागिने झाले, सोनेरी झाला, तरी डोले होईस्तोवर मूर्ती मातीच असते. तुमचं तोंड हसतंय सर, पन डोले रागावलेलेच हायत. समद्या गान्यांत. ही बघते ना, ती तुमचे डोलेच बघते. थांबवून थांबवून बघते."

सरांनी हातातली वालाची पिशवी मंगेशच्या हातात दिली. मंगेशनं ती कुंचल्यासकट छातीशी धरली.

दारात वैशाली उभी होती. कधी आली कळलं नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बापाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. अकरा वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलेल?

"हे पांढरे बूट कशाला घालता ह्या वयात?" ती म्हणाली.

"गाण्यात चालतात," सर म्हणाले. आवाज असा आला की मी दुसरीकडे बघितलं.

"गाण्यात घाला. घरात काढून या."

सर पायरीवर बसले. वाकले. नाडीची टोकं ओढायला लागले. नाडी काही सुटेना. नात बाजूला बसून बघत होती. मी पुढे होणार तेवढ्यात वैशाली पायरी उतरून खाली आली, बापाच्या पायाशी उकिडवी बसली आणि त्यांचे हात बाजूला सारून नाडीला लागली.

"कितीदा सांगितलं तुम्हाला," ती मान खाली घालूनच म्हणाली, जणू कालच सांगितलं होतं, "निरगाठ मारत जाऊ नका म्हणून."

"चुकलो," सर म्हणाले.